वाजवण्याजोगे

जुने वाद्य विकताना एक वाक्य हमखास येते : ‘वाजवण्यास उत्तम स्थितीत’. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या कॉन कारखान्यात १९५०च्या आसपास घडलेला ट्रॉम्बोन मी शोधतो आहे. अर्ध्या इंचाच्या नळीचा, जॅझ वादकांच्या पसंतीचा. अशी वाद्ये पुष्कळदा वादकाच्या पश्चात मुले-नातवंडे विकतात. त्यांना ती वाजवता येतातच असे नाही. मग ते वाक्य खरे की खोटे, हे ठरवणार कोण?

ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारख्या कळा नसतात. नळीवर सरकणारी नळी पुढे-मागे करून स्वर साधायचा. १९४०च्या दशकात जे. जे. जॉन्सनने तिच्यावर बीबॉपची गती पेलून दाखवली, ती नळी निर्वेध सरकत असल्याशिवाय शक्य नाही. कर्ण्याला पोचा पडला तर फारसे बिघडत नाही; सरकत्या नळीला किंचित बाक आला तरी हात अडखळतो. म्हणजे डोळ्यांत भरणारा दोष बहुधा क्षुल्लक, आणि खरा दोष हाताला कळणारा. लखलखीत वाद्याचा तर मला संशयच येतो. नवे लॅकर चढवण्याआधी पितळ घासून पातळ केलेले असू शकते.

बाजारातली नीती आपण सहसा विक्रेत्याला शिकवतो. सिसेरोने कर्तव्यांवरच्या ग्रंथात एक प्रश्न मांडला आहे. दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे, की मागून आणखी जहाजे येताहेत. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगावे का? डायोजेनिस म्हणतो, बंधन नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवे. पण जाणकार गिऱ्हाईकच असेल तर? त्याचेही उदाहरण तिथेच आहे. स्केवोला नावाच्या रोमनाने जमिनीची किंमत विचारली, ती ऐकून ‘माझ्या मते जास्त आहे’ म्हणाला आणि वर १ लाख सेस्टर्स दिले. माणूस सज्जन खरा, पण शहाणा नव्हे, असे लोक म्हणत.

लोकांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. वाद्य पारखायला मी वर्षे घातली. त्या कष्टांचे फळ मी का घेऊ नये? जुन्या वस्तूंचा व्यापारी त्यावरच जगतो. मलाही हे पटते, पण एका मर्यादेपर्यंत. विकणारा ‘तुम्हीच वाजवून बघा’ म्हणत वाद्य माझ्या हाती देतो, तेव्हा मी नुसता गिऱ्हाईक राहत नाही. तिथे कान माझे एकट्याचे असतात. त्याच्या बाजूचा साक्षीदारही मीच. अशा वेळी कर्ण्यावरच्या पोच्याकडे बोट दाखवून, नळी सुरेख चालते हे गिळून टाकले, तर माझा प्रत्येक शब्द खरा असूनही मी फसवलेलेच असते.

म्हणून मी ठरवले आहे : दोष आणि गुण दोन्ही सांगायचे, एल्कहार्टच्या छापाला बाजारात मान आहे हेही सांगायचे, आणि मग त्याला भाव विचारायचा. आकडा माझ्या ऐपतीपलीकडे गेला, तर वाद्य दुसऱ्याकडे जाईल. एवढी तयारी नसेल, तर ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द विकणाऱ्याने खरेच लिहावेत, असा आग्रह धरायला मला तोंड नाही.