जड गटाचा मल्ल आणि त्याचा खुराक

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे महाराष्ट्राच्या मातीतून आंतरराष्ट्रीय मॅटवर पोहोचलेल्या जड वजनाच्या मल्लांमधले एक अग्रगण्य नाव. आजच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत या गावी १५ एप्रिल १९३५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९५०च्या सुमारास ते कुस्ती शिकायला कोल्हापुरात आले आणि गंगावेस तालमीत राहिले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सर्वांत जड गटात त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य पदक मिळवले. १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून उतरले आणि त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढची कित्येक दशके त्यांनी कोल्हापुरात वस्ताद म्हणून काढली. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या कारकिर्दीत लगेच नजरेत भरते ती आंतरराष्ट्रीय काळाची लांबी. ऐन उमेदीच्या या मल्लाचे परदेशातले मोठे यश दोन-अडीच वर्षांत मावते. ताकद कमी पडली किंवा डाव आटले, असे म्हणायला जागा नाही. कारण खुराकाच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब समजल्याशिवाय जड गटातल्या कोणत्याही मल्लाची कारकीर्द नीट कळत नाही.

आंदळकर कोल्हापुरात आले तो काळ मोठा चमत्कारिक होता. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय ही कोल्हापूरच्या मल्लविद्येची पायाभरणी. त्यांनी गावोगावचे मल्ल आणून पोसले, पंजाबातले नामांकित पहिलवान बोलावले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. पण १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबाराच्या खर्चाने पहिलवान पोसण्याची रीत संपली. म्हणजे आंदळकरांच्या पिढीला तालमी मिळाल्या, मैदान मिळाले, वस्तादही मिळाले. दूध-तूप-बदामाचा खर्च उचलणारा दरबार मात्र उरला नव्हता. ती जागा तिकीट लावून होणाऱ्या जंगी कुस्त्यांनी आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी घेतली. सहकारी साखर कारखाने मानधनावर मल्ल ठेवू लागले ते त्यानंतर.

यात्रेतल्या कुस्तीची रीत पाहिली की हे अर्थकारण उलगडते. मैदानात वजनकाटा नसतो. कमिटीची जाणती माणसे आणि पंच पोरांना शेजारी शेजारी उभे करतात, उंची, मान, खांदे डोळ्यांनी मोजतात आणि जोड लावतात. लहानग्यांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर लागते, मग शंभराची, पाचशेची असे करत इनाम चढत जाते. हलगी-घुमक्याच्या कडकडाटात शेवटी लागते ती एक नंबरची कुस्ती. लोक तिकीट काढून किंवा डोंगर चढून येतात ते तिच्यासाठी, आणि ती बहुतेक वेळा सर्वांत अवजड जोडीची असते. गुण मोजायचे नाहीत, घड्याळ लावायचे नाही. पाठ मातीला लागली की निकाल. वेळ फारच लांबली तर पंच ‘बरोबरीत’ म्हणून हात वर करतात आणि इनाम वाटून देतात. अशा बाजारात शरीराचे वजन हेच मल्लाचे भांडवल. ते राखायला रोजचा खर्च लागतो, तो खर्च हंगामातल्या कुस्त्यांनी भरून काढायचा आणि कुस्त्या मिळायच्या तर वजन राखायचे. हे चक्र एकदा फिरू लागले की मल्लाला फार काळ बाहेर राहता येत नाही.

हिंदकेसरी हा किताब याच चक्राच्या माथ्यावर बसला. पहिला मान १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून मिळवला. पुढच्या वर्षी आंदळकरांनी पंजाबच्याच खडकसिंगला हरवले. दोन वर्षांत दोन्ही वेळा कोल्हापूरच्या तालमींनी पंजाबवर मात केल्याने या भागातल्या जंगी कुस्त्यांना जो बहर आला, त्याचा फायदा मल्लांना मिळाला तसा कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदारांनाही.

जकार्ताची पदके वेगळ्या कारणाने लक्षात घ्यावीत. मातीतल्या कुस्तीत पायाला हात घालणे, लंगोट धरणे चालते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली काहीच चालत नाही. त्या प्रकाराची खास परंपरा नसलेल्या देशाचा मल्ल तिथे सुवर्ण घेतो आणि आपल्या जवळच्या फ्रीस्टाइलमध्ये रौप्यावर थांबतो, हे उलटे वाटते. जड मल्लाची मातीतली लढत मात्र बरीचशी छाती, मान आणि हातांच्या पकडीवर चालते. ढाक मारताना प्रतिस्पर्ध्याचा हात आणि मान कैचीत धरून त्याला कमरेवरून फेकतात. पाय धरायची गरजच पडत नाही. हलका मल्ल पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, वाकतो. सव्वाशे किलोचा मल्ल वाकला की अंगावर पडणाऱ्या वजनाखाली सापडतो. तेव्हा ग्रीको-रोमनचे निर्बंध जड मल्लाला तितकेसे जाचत नसणार, असे मानायला हरकत नाही. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी ९७ किलो फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतले. पुढे १९६४ साली तेही हिंदकेसरी झाले. एकाच खोऱ्याच्या आसपासच्या दोन मल्लांनी आशिया खंडातले सर्वांत वरचे दोन वजनगट गाजवावेत, ही घटना महाराष्ट्राने पुन्हा पाहिलेली नाही.

आंदळकरांचा गट ९७ किलोच्या वरचा होता, आणि वर कितीही. ही मर्यादाहीनता १९८४ पर्यंत टिकली. तिचे टोक म्हणजे अमेरिकेचा ख्रिस टेलर. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचे कांस्यपदक घेणाऱ्या या मल्लाचे वजन १९० किलोच्या आसपास होते. तो विद्यापीठ स्पर्धांचा विजेता होता, नंतर व्यावसायिक तमाशाकुस्तीत गेला आणि तिशीही न गाठता १९७९ साली वारला. पुढे १३० किलोची कमाल मर्यादा आली, मग १२०ची, आणि २०१४ पासून १२५ किलोची.

याच गटातला दुसरा अमेरिकी मल्ल, ब्रूस बॉमगार्टनर, आंदळकरांशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये सुवर्ण, १९८८ला सोलमध्ये रौप्य, १९९२ला बार्सिलोनात पुन्हा सुवर्ण, १९९६ला अटलांटात कांस्य आणि मधल्या वर्षांत तीन जागतिक अजिंक्यपदे. लॉस एंजेलिसवर सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे पहिल्या सुवर्णाचे मोल थोडे कमी धरावे लागते. नंतरच्या पदकांनी ती कसर भरून काढली. ही बारा वर्षांची सलग वाटचाल कशावर उभी होती? अमेरिकेत मुलगा शाळेच्या संघात कुस्ती धरतो, हिवाळ्याच्या हंगामात वजनगटानुसार लढतो, चांगला निघाला तर विद्यापीठ त्याला शिष्यवृत्तीवर बोलावते. बॉमगार्टनर १९८२ साली इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून राष्ट्रीय विद्यापीठ विजेता झाला आणि नंतर पेन्सिल्व्हेनियातील एडिनबोरो विद्यापीठात आधी प्रशिक्षक, पुढे क्रीडा संचालक म्हणून नोकरीत राहिला. पगार महिन्याला येत होता. त्यामुळे एखाद्या कुस्तीत हरला म्हणून त्याचे दूध बंद होत नव्हते.

आंदळकरांच्या वाट्याला अशी सोय नव्हती. पदक आणले की सत्कार होई, मिरवणूक निघे; पुढचा खुराक मात्र जत्रेच्या एक नंबरच्या कुस्तीतूनच यायचा. त्या काळच्या भारतीय मल्लाने मॅटवर फार काळ लक्ष द्यावे, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे होते. हलक्या गटातल्या खाशाबा जाधवांचीही गत निराळी नव्हती. १९५२ला हेलसिंकीत कांस्य आणणाऱ्या खाशाबांच्या प्रवासाचे पैसे गावाने वर्गणी काढून आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून उभे केले होते. फरक इतकाच की ५७ किलोचे शरीर राखणे कसेबसे परवडते. शंभराच्या वरचे शरीर घरच्या भाकरीवर उभे राहत नाही.

हाच हिशेब घाटाखाली, रायगडच्या आतल्या पट्ट्याला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांना, लावून पाहिला तर तिथून जड गटाचे मल्ल नावारूपाला का आले नाहीत ते समजते. आधी एक खुलासा. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा कर्जतला झाली आणि वेताळ शेळके विजेते ठरले, ते कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले. रायगडच्या कर्जतशी त्याचा संबंध नाही, जरी बातमी वाचून रायगडातल्या अनेकांनी कान टवकारले असतील.

रायगडचा हा पट्टा भाताचा. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली ‘कर्जत’ नावाची भातवाणे कोकणभर लावली जातात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण तो चार महिन्यांत उल्हास आणि पाताळगंगेतून निघून जातो. पाताळगंगेत उन्हाळ्यातही पाणी दिसते ते टाटांच्या खोपोली वीजगृहातून वीज निर्माण करून सुटलेले. १९१५ साली सुरू झालेल्या त्या वीजगृहाने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. वारणा-कृष्णेकाठच्या उसासारखे रोख पीक, त्याभोवतीचा दूध संघ आणि मल्लाला मानधन देणारा कारखाना, ही साखळी इथे तयार झाली नाही. ठाकर-कातकरी वाड्यांतली कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात; तिथल्या पोराला तीन-चार वर्षे बसून खायला घालणारे कोणी नसते. शिवाय घाटाखालची तरणी पोरे आधी मुंबईकडे पाहतात, कारण कर्जतहून आणि खोपोलीहून लोकल थेट तिकडे जाते.

त्याऐवजी रायगडने कबड्डी धरली. तिला हौद लागत नाही, तेल-ताक-हळद घालून मळलेली लाल माती लागत नाही. सपाट जागा आणि चौदा पोरे असली की खेळ सुरू. पुरुषांच्या कबड्डीत वजनाची मर्यादा ८५ किलो आहे आणि महाराष्ट्र केसरीचा खुला गट ८६ किलोपासून सुरू होऊन १२५ला थांबतो. एका खेळाची वरची सीमा जिथे संपते, तिथून दुसऱ्याचा मान सुरू होतो. घाटाखालच्या काटक, चपळ शरीरांचा ओढा कुठे गेला, ते यावरून स्पष्ट होते.

राज्यातला सर्वांत मोठा मान फक्त जड गटाला देण्याची ही पद्धत तपासून पाहायला हवी. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत ५७ किलोपासूनचे सगळे गट खेळतात, पदकेही मिळतात. मानाची गदा मात्र खुल्या गटातील माती आणि गादी (मॅट) विभागांच्या विजेत्यांमधून एकालाच. त्यामुळे २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य घेणारा राहुल आवारे या मानाच्या यादीत बसतच नाही. नरसिंग यादव २०११ ते २०१३ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, पण आंतरराष्ट्रीय मैदानात तो ७४ किलोचा मल्ल होता. जड मल्लाबद्दलचे प्रेम खासबागेने आणि यात्रांनी रुजवले, त्यात वाईट काही नाही. मात्र महाराष्ट्राचे ऑलिम्पिक आणि जागतिक पदक ज्या गटांतून आले, ते सगळे त्या प्रेमाच्या बाहेरचे आहेत.

आंदळकरांनी वस्ताद म्हणून केलेले काम या दृष्टीने पाहावे. कोल्हापुरात न्यू मोतीबाग तालमीत त्यांनी मल्ल घडवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आलेल्यांत १९७० आणि १९७१चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले होते, ज्यांनी १९७४च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत जड गटात रौप्य घेतले. म्हणजे आंतरराष्ट्रीय अनुभव एका मल्लाबरोबर विरून गेला नाही, तो तालमीत उतरला. पण तो कोल्हापुरात उतरला. घाट ओलांडून खाली आला नाही. खालापूर किंवा कर्जतच्या एखाद्या पोराचे अंग आज शंभराच्या घरात जायला लागले, तर त्याला मॅट आणि रोजची जोड यांच्या शोधात पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या तालमीत जावे लागते, आणि तिथे राहण्या-खाण्याचा महिन्याचा खर्च घरच्यांनाच उचलावा लागतो.