माणसाळणं

पाच ग्रॅम वजनाचा जीव आपल्यावर ओरडला की काय वाटतं, हे मला गेल्या वर्षी नोव्हेंबरात कळलं. मिरी तेव्हा दीड महिन्याची होती. पाण्याची वाटी बदलायला मी पेटीत हात घातला, तर ती चारही पायांवर ताठ उभी राहिली, पाठीची कमान केली, शेपूट उंच धरून हलवली आणि किंचाळली. न वंगवलेल्या बिजागरीसारखा बारीक आवाज. वरून खाली येणारी मोठी गोष्ट म्हणजे पक्षी, एवढं ज्ञान घेऊन ती अंड्यातून बाहेर आलेली. त्या हातात तिचंच पाणी आहे हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

मिरी म्हणजे लेपर्ड गेको. सरळ मराठीत, पाल. आईला हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. अचलपूरच्या आमच्या घरात पाल दिसली की केरसुणी शोधतात, अंगावर पडली तर कुठल्या अवयवावर पडली आणि त्याचं फळ काय ते पंचांगात बघतात. त्या घरातला मुलगा ओहायोत, कोलंबसला जाऊन पैसे मोजून पाल आणतो! "अरे, कुत्रा तरी आणायचास." कुत्र्याला इथे घरमालकाची परवानगी नाही. शिवाय ही पाल भिंतीवर चढत नाही, तिच्या बोटांना चिकटायच्या गाद्याच नसतात, त्यामुळे पंचांग लागत नाही. आणि तिला पापण्या असतात. घरातली पाल डोळे मिटू शकत नाही, ही मिटते. खरं सांगायचं तर त्या पापण्यांनीच मला फसवलं. डोळे मिटणारा प्राणी आपल्यासारखा वाटायला लागतो.

जीवशास्त्रज्ञांनी या जातीचं वर्णन १८५४ साली केलं, पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांमधून. तिची एक बहीण आमच्या सातपुड्यातही राहते. तिला २०१४ साली सातपुड्याचंच शास्त्रीय नाव मिळालं. तिकडे असं काही रात्री रस्त्यावर दिसलं तर विषारी म्हणून दगड घालताना मी लहानपणी पाहिलंय. ती मुळीच विषारी नाही.

पेटीची व्यवस्था मला सोपी गेली, कारण ती इंजिनिअरिंगची आहे. एका टोकाला जमीन ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २४, मध्ये ओलसर शेवाळाची डबी, कात टाकायला. खाली पेपर टॉवेल. थर्मोस्टॅटचा सेन्सर मी एका छोट्या कॉम्प्युटरला जोडला, दर मिनिटाला नोंद. बाहेर बर्फ पडत असताना ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी तिच्या उबदार कोपऱ्याचा आलेख बघायचो. रोज सहा-सात किडे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलेले, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. जिवंत रातकिडे विकत आणणं हा शाकाहारी घरातल्या माणसासाठी स्वतंत्र विषय आहे. त्यात आत्ता शिरत नाही.

अडचण आली ती 'हँडलिंग'ला. आणल्यावर पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही. मग हात नुसता पेटीत ठेवायचा. मग ती चढली तर चढू द्यायची, पलंगावर बसून, जमिनीपासून फार उंच नाही, पाच-दहा मिनिटं. वरून पकडायचं नाही. शेपटीला तर नाहीच. मी हे सगळं इमानदारीने केलं आणि जानेवारीपर्यंत मिरीचं किंचाळणं थांबलं. हातावर यायची, बोटांमधून चालायची, कधी मनगटावर थांबायची. मित्रांना सांगायचो, माणसाळली.

आणि एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना, तिला दाखवायचं म्हणून, झोपलेल्या मिरीला मी डबीतून मागून उचललं. ती उसळली, मी घट्ट धरलं, आणि पुढच्या क्षणी पलंगावर दोन गोष्टी होत्या. मिरी एकीकडे स्तब्ध. शेपूट दुसरीकडे, एकटीच, वळवळत. कितीतरी वेळ वळवळत होती. आई म्हणाली, "मला दाखवायला कशाला उठवलंस रे तिला?"

जखम बरी झाली. शेपूट परत येते. फक्त ती सलगम लावल्यासारखी बुटकी, गुळगुळीत येते, कड्या नसलेली. पण शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, म्हणजे तिने तिची सगळी शिल्लक टाकून माझ्या हातातून सुटका विकत घेतली होती. ज्या हातावर ती दोन महिने 'विश्वासाने' बसत होती त्या हातातून.

आमच्या धंद्यात 'हँडलिंग' हा शब्द चुकांसाठी वापरतात. प्रोग्रॅममध्ये एरर आली की ती पकडायची आणि तिचं काहीतरी करायचं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एरर पकडायची आणि काहीच करायचं नाही, ब्लॉक रिकामा सोडायचा. प्रोग्रॅम पडत नाही. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. लॉगमध्ये एक ओळ येत नाही. असा कोड माझ्याकडे तपासायला आला तर मी परत पाठवतो. मिरीच्या किंचाळण्याचं मात्र मी नेमकं हेच केलं होतं का? भीती गेली, की भीतीची नोंद यायची बंद झाली? तापमानाचा आलेख मिनिटामिनिटाचा आहे माझ्याकडे, आणि याचा एकही आकडा नाही.

यी-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाने १९८४ साली पाळीव प्राण्यांवर एक पुस्तक लिहिलं, 'डॉमिनन्स अँड अफेक्शन'. मायेने सत्ता संपत नाही, तिची धार फक्त लपते, असा त्याचा मला समजलेला सूर. वाचताना राग आला, कारण बाजूला पेटी होती. मिरीचा दिवस मी ठरवतो, रात्र मी ठरवतो. ती मादी आहे हेसुद्धा विकणाऱ्याने ठरवलं: अंडी साधारण २७ अंशांत उबवली की बहुतेक माद्या होतात, ३२ च्या आसपास बहुतेक नर. कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर घडला आहे. हिच्या जातीचं पेटीतलं आयुष्य काही दशकांचं. तेवढ्यात कातडीचे रंग बदलले. आतली पाल मला वाटतं तीच आहे, मिठाच्या डोंगरातली.

मग मी सहा आठवडे हात लावणंच बंद केलं. वाटलं, हेच नैतिक. स्वतःवर खूश होतो. मग एकदा तिची कात पायाच्या बोटांना चिकटून राहिली. ती वेळेत निघाली नाही तर आवळत जाते आणि बोट गळून पडतं. कोमट पाण्यात पाय बुडवून ओल्या कापसाच्या काडीने मी ती सोडवत होतो, आणि मिरी पुन्हा किंचाळायला लागली होती, नोव्हेंबरातल्यासारखी. सहा आठवड्यांचा माझा सोवळेपणा तिच्या कामाचा नव्हता. हात यायचाच आहे. तिला पेटीत आणलं त्या दिवशीच ते ठरलं. आणि पेटी मीच आणली, पंधरा-वीस वर्षांसाठी, जेव्हा माझा स्वतःचा व्हिसा तीन वर्षांचा आहे.

आता मी रोज संध्याकाळी हात पेटीत, जमिनीला टेकवून ठेवतो. आधी धुवून, नंतरही धुवून. ती आली तर आली. बहुतेक वेळा येते. आईने परवा विचारलं, "तिला आवडतोस का रे तू?" मी म्हटलं, माझा हात गरम असतो. दगडही चालला असता तिला.

"मग दगडासारखा बस," आई म्हणाली.

बसतो. काल ती मनगटावर चढली, नवी बुटकी शेपूट नाडीवर टेकवली आणि डोळे मिटले. सुख म्हणून मिटले की मला बघायला नको म्हणून, ते सांगता येत नाही. फोन दुसऱ्या हाताशी होता, फोटो काढला नाही. पाच मिनिटांचा टायमर वाजला तेव्हा हात हळूच खाली टेकवला. ती उतरायला तयार नव्हती, तर मी आणखी थोडा वेळ तसाच वाकून राहिलो.