नकारानंतरची सेवा

सेवा करणाऱ्याच्या मनात, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी काही इच्छा असावी की नसावी, आणि असल्यास त्या इच्छेमुळे सेवेतले प्रेम डागाळते काय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला परका नाही. १९३४ नंतरच्या दोन-अडीच दशकांत या जिल्ह्याने नाना तऱ्हेचे सेवक पाहिले : मगनवाडीत ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र उभे करणारे ख्रिस्ती जे. सी. कुमारप्पा, गांधींच्याही आधी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेलेल्या इंग्रज मीराबेन, दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचणारे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण, आणि सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालिमी संघात शिकवणाऱ्या मार्जरी साइक्स. यांपैकी काही परदेशी होते, काही परधर्मीय होते, आणि ‘तुम्ही येथे कशासाठी आलात?’ हा प्रश्न त्या सर्वांना कधी ना कधी लागू पडत होता.

आज तोच प्रश्न जगभर एका वेगळ्या तरुण सेवकाला विचारला जातो. लॅटर-डे सेंट्स या नावाचा, लोकव्यवहारात ‘मॉर्मन’ म्हणून ओळखला जाणारा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन केला. त्या पंथातील अठरा-एकोणीस वर्षांची मुले दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी घर सोडून, स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने, चर्च पाठवील त्या गावी मिशनरी म्हणून जातात. देश निवडण्याचा अधिकार त्यांना नसतो, सोबतचा जोडीदार मिशनरी चर्चच ठरवते, छातीवर नावाची पट्टी सदैव असते, आणि २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून जेमतेम दोनदा मिळत असे. भारतात या पंथाचे मिशन, म्हणजे अशा तरुणांच्या कामाचे प्रशासकीय क्षेत्र, १९९३ मध्ये बंगळुरू येथे सुरू झाले. शेजाऱ्याचे सामान वाहणे, म्हाताऱ्यांची कामे करणे, इंग्रजी शिकवणे अशी सेवा ही मुले करतात, आणि ज्यांची ती सेवा करतात त्यांनी आपल्या पंथात यावे अशी आशाही बाळगतात. या आशेमुळे निर्माण होणारा पेच पुढील संवादात मांडला आहे. संवादातील विद्यार्थिनी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी आहे आणि गुरुजी नयी तालीम या गांधींच्या शिक्षणपद्धतीच्या परंपरेतले निवृत्त शिक्षक आहेत. दोघेही कल्पित आहेत.

विद्यार्थिनी : गुरुजी, गीतेतील निष्काम कर्माची व्याख्या लावली, म्हणजे फळाची वासना न धरता केलेले कर्म तेच शुद्ध असे मानले, तर या मुलांची सेवा पहिल्याच पायरीवर बाद होते. पाण्याचा हंडा उचलून देणाऱ्याच्या मनात समोरच्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून दिली जाणारी धर्मदीक्षा असेल, तर तो हंडा प्रेमाने उचलला की गळाला लावण्यासाठी, हे कसे ठरवायचे?

गुरुजी : हा निवाडा सेगावात एकदा होऊन गेला आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये जागतिक मिशनरी चळवळीचे अमेरिकी नेते जॉन मॉट गांधींना भेटायला तेथे आले होते. त्याच्या वर्षभर आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. आंबेडकरांनी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला होता, आणि त्यामुळे अस्पृश्य समाजाकडे अनेक धर्मसंस्थांची नजर वळली होती. गांधींची भूमिका अशी होती की मिशनऱ्यांनी दवाखाने चालवावेत, शाळा चालवाव्यात, परंतु त्यांच्या पोटात धर्मांतराचा हेतू ठेवू नये. सेवा हेच त्यांचे संपूर्ण सांगणे असावे.

विद्यार्थिनी : ही भूमिका ऐकायला निर्मळ आहे, पण तिच्यात सेवकाकडून एक विचित्र मागणी केलेली दिसते. एखाद्या तरुणाला मनापासून वाटत असेल की आपल्याला सापडलेल्या श्रद्धेने माणसाचे जगणे सावरते, तर ती श्रद्धा त्याने शेजाऱ्यापासून लपवून ठेवावी काय? गुणकारी औषध ठाऊक असूनही रुग्णाला न सांगणाऱ्या डॉक्टरला आपण निरपेक्ष म्हणत नाही, निष्काळजी म्हणतो.

गुरुजी : औषधाचा दाखला येथे पुरता लागू पडत नाही. औषधाने ताप उतरला की नाही हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकाच मापाने पाहता येते. श्रद्धेच्या बाबतीत मापही देणाराच घेऊन येतो. शिवाय डॉक्टर रुग्णाला आपल्यासारखे व्हायला सांगत नाही.

विद्यार्थिनी : दाखला सोडून देऊ, पण शंका उरतेच. मॉट यांच्याशी झालेल्या त्याच चर्चेत गांधींनी काही अस्पृश्यांच्या आकलनाची तुलना गाईशी केली होती, आणि तीही गाईच्या पारड्यात झुकते माप टाकून. सेवकाने हेतू सांगू नये या आग्रहामागे, ऐकणाऱ्याला भले-बुरे कळत नाही, तो भुलेल, असे गृहीतक दडलेले असेल, तर तो आग्रह सेव्य माणसाचा आदर राखत नाही.

येथे विद्यार्थिनीच्या म्हणण्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे, हे नमूद केले पाहिजे. ज्यांना धर्म निवडण्याइतकी समज नाही असे सुचवले गेले, त्यांनीच वीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वर्ध्यापासून जवळच असलेल्या नागपुरात, डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. तो निर्णय कोणा मिशनऱ्याच्या हंड्यामुळे झाला नव्हता. सेवेच्या नीतिशास्त्रात सेवकाच्या अंतःकरणाची जितकी झाडाझडती घेतली जाते, तितकी चौकशी सेव्य माणसाच्या निर्णयशक्तीची केली जात नाही. वर्ध्याचे गांधीवादी साहित्यही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाही.

गुरुजी : हा आक्षेप मान्य करावाच लागेल, आणि तो मान्य केल्यावर आपल्या घराकडेही पाहावे लागेल. गांधींचा मुक्काम मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात सकाळी बादल्या-फावडी घेऊन मैला उचलायला जात. त्यांनाही गावकऱ्यांना बदलायचेच होते. उघड्यावर शौचास बसू नये, खादी वापरावी, दारू सोडावी, अस्पृश्यता टाकावी, हे सारे एका जीवनपद्धतीतून दुसऱ्या जीवनपद्धतीत येण्याचेच आवाहन होते. त्याला धर्मांतर म्हटले जात नव्हते, एवढाच फरक.

विद्यार्थिनी : म्हणजे निर्हेतुक सेवा कोठेच नाही, असे आपण म्हणता?

गुरुजी : निर्हेतुक सेवा शोधणे हाच मार्ग चुकला असावा. माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे काहीतरी भले इच्छितोच, आणि भले म्हणजे काय याची कल्पना तो स्वतःच्या जगण्यातूनच आणतो. तेव्हा हेतू होता की नव्हता हे विचारण्यापेक्षा, हेतू नाकारला गेल्यावर सेवेचे काय झाले, हे विचारावे. सिंदीतल्या लोकांच्या सवयी लवकर बदलल्या नाहीत. सफाई करणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. नकार मिळाल्यावर जो पाय मागे घेतो त्याची सेवा म्हणजे फार तर सौदा.

विद्यार्थिनी : परंतु नकार देता येण्यासाठी नकाराची किंमत परवडली पाहिजे. रुग्णालयात शिकणाऱ्याला हे रोज दिसते. खाटेवरचा रुग्ण डॉक्टरांच्या कोणत्याही म्हणण्याला मान डोलावतो, कारण उद्याचे सलाइन याच हातांनी लागायचे असते. तेथे प्रार्थनेचे आमंत्रण कितीही प्रेमाने दिले, तरी ऐकणाऱ्याला ते अटीसारखेच ऐकू येते.

गुरुजी : नेमका हाच मुद्दा नियोगी समितीपुढे होता. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५४ मध्ये त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वैद्यकीय किंवा तत्सम व्यावसायिक सेवेचा थेट धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने मनाई करावी, अशी शिफारस तिने १९५६ च्या अहवालात केली. समितीतील एकमेव ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अध्यापक होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतला हा माणूस. सविनय कायदेभंगाला पाठिंबा दिल्यामुळे त्यांना कलकत्त्याच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातली जागा सोडावी लागली होती, आणि गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावर त्यांनी १९३९ मध्ये ग्रंथ लिहिला होता.

नियोगी अहवालावर तेव्हा जोरदार टीका झाली आणि आजही होते. काही टीका रास्त आहे, कारण परक्या सेवकाकडे पाहण्याची त्याची दृष्टी मुळातच संशयाची आहे. तथापि खाटेजवळचे प्रवचन आणि दारातले प्रवचन यांतला भेद त्या शिफारशीत आहे, आणि तो टिकाऊ आहे. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लाउस प्रकरणात, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील धर्मप्रसाराच्या हक्काचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपर्यंत पोहोचवणे असा होतो, दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर घडवण्याचा हक्क असा होत नाही, असा निर्णय दिला. कायद्याची रेषा येथे संपते. प्रेमाची तपासणी तिच्या अलीकडेही करावी लागते आणि पलीकडेही.

विद्यार्थिनी : या कसोटीवर छातीवर पट्टी लावून दारात उभा राहणारा तरुण मोफत दवाखान्यापेक्षा प्रामाणिक ठरतो. तो कोण आहे आणि कशासाठी आला आहे हे दार उघडण्यापूर्वीच कळते, आणि दार लावून घेतल्याने घरातल्या कोणाचे औषध बंद होत नाही.

गुरुजी : होय, पट्टी ही त्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. ती उतरवून, केवळ समाजसेवक म्हणवून घेत तो आला असता, तर त्याच्यावर संशय घेणे योग्य ठरले असते. अडचण पट्टीची नाही, काळाची आहे. दोन वर्षांत भाषा जेमतेम जिभेवर बसते, आणि त्या दोन वर्षांतही काही महिन्यांनी दुसऱ्या गावी बदली होते. नकार मिळाल्यानंतर त्याच दारी पुन्हा पुन्हा जात राहण्याची जी कसोटी आताच मान्य झाली, ती पूर्ण करायला त्याच्यापाशी दिवसच नसतात. मार्जरी साइक्सही तरुणपणी, १९२८ मध्ये, मद्रासच्या एका मिशन शाळेत शिकवायला आल्या होत्या. पुढे त्या क्वेकर पंथात, म्हणजे पुरोहित न मानणाऱ्या आणि मौन प्रार्थनेवर भर देणाऱ्या ख्रिस्ती समुदायात गेल्या. शांतिनिकेतनात राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९४९ नंतर सुमारे दहा वर्षे सेवाग्रामात होत्या. इतक्या दीर्घ वास्तव्याने त्यांना या देशाकडून शिकण्याची संधी दिली. ज्याला परतीची तारीख आधीच ठाऊक असते त्याला शिकवण्याची घाई होते.

विद्यार्थिनी : हा न्याय कठोर वाटतो. आमच्या महाविद्यालयातही प्रवेश घेतल्यावर पंधरवडाभर आश्रमात राहावे लागते, खादी घालावी लागते, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिर करते. आम्हीही परतीची तारीख ठरवूनच गावात जातो, गुरुजी. मग आमची सेवा खोटी म्हणायची काय?

गुरुजी : खोटी नाही, अपुरी. आणि तिला अपुरी म्हणताना दत्तपूरकडे पाहावे. महारोगी सेवा मंडळाचे काम १९३६ पासून तेथे उभे आहे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, गांधींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. त्या मालिशीची छायाचित्रे जगभर गेली. परंतु शास्त्रीबुवांचा शेवट दत्तपूरला झाला, आणि तेथे वर्षानुवर्षे जखमा धुणाऱ्या मनोहर दिवाणांचे नाव आज वर्ध्याबाहेर थोड्यांनाच ठाऊक आहे. अल्पकाळ येणाऱ्याने दीर्घकाळ राहिलेल्याच्या हाताखाली काम करावे. त्याने स्वतःचे दुकान थाटू नये. शिबिरातली मुले गावातल्या आरोग्यसेविकेचे ऐकतात तेव्हा त्यांचे पंधरा दिवस सत्कारणी लागतात.

विद्यार्थिनी : मॉर्मन तरुण मात्र गावाचे ऐकत नाही, मिशनच्या अध्यक्षांचे ऐकतो. किती जणांना शिकवले, किती जण उपासनेला आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख घेतली, याची नोंद त्याला नियमितपणे वर पाठवावी लागते. प्रेम करायला पाठवलेल्या मुलाच्या हाती आकड्यांची वही द्यायची, हा त्या मुलावरही अन्याय नव्हे काय?

गुरुजी : अन्याय आहे, पण आपल्यालाही ती वही सुटलेली नाही. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा येथून पायी निघाले, त्या यात्रेत १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी पहिली जमीन दानात मिळाली, आणि लवकरच पाच कोटी एकरांचे लक्ष्य ठरले. त्यानंतर कार्यकर्ते एकर मोजू लागले. मिळालेल्या जमिनीत पडीक किती, वादातली किती, प्रत्यक्ष भूमिहीनाच्या ताब्यात गेली किती, हे प्रश्न मागे पडले. संख्येचा मोह धर्मसंस्थेपुरता नसतो.

विद्यार्थिनी : मग निवाडा काय?

गुरुजी : निवाडा दोन भागांत द्यावा लागेल. आपली श्रद्धा उघड सांगून, नकार देणे सोपे असेल अशाच ठिकाणी ती मांडून, नकारानंतरही शेजाऱ्याचा हंडा उचलणारा तरुण प्रेमाने सेवा करतो असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही, मग त्याच्या मनातली आशा काहीही असो. त्याच्या दोन वर्षांत शेजार मुरत नाही, आणि त्याच्या हंड्याचा हिशेब बाप्तिस्म्याच्या रकान्यात लावला जातो, हे दोष मात्र त्याला पाठवणाऱ्या संस्थेचे आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे त्यांचा जाब मागू नये, तो संस्थेकडे मागावा.

विद्यार्थिनीला निवाड्याचा पहिला भाग पटला. दुसऱ्या भागावर तिचे म्हणणे असे की जाब केवळ संस्थेकडे मागितल्याने तरुण मोकळा होत नाही, कारण वहीत कोणता आकडा लिहायचा आणि कोणत्या दारी आकडा न लिहिता जायचे, हे ठरवण्याएवढा तो मोठा झालेला असतो; आणि या मुद्द्यावर तिचीच बाजू अधिक बरोबर आहे.