जुन्या नावेचे पांघरूण

पैनगंगा ही आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा; पलीकडच्या तीरावर विदर्भ. अशा नदीकाठी जुन्या लाकडी नावेस नवे रूप द्यावयाचे, तर हल्ली दोन मार्ग सुचविले जातात. रंग लावावा, की मोटारींवर चढवितात तसे व्हिनाइलचे चिकट, पातळ वेष्टन चढवावे? हा प्रश्न केवळ खर्चाचा आहे असे मला वाटत नाही.

रंगापूर्वी जुना थर खरवडावा लागतो, लाकूड उन्हात वाळवावे लागते, सांध्यांतील कुजका कापूस काढून नवा भरावा लागतो. या खटाटोपात फळी कोठे मऊ पडली, खिळा कोठे गंजला, हे मालकाच्या नजरेस आल्यावाचून राहत नाही. व्हिनाइल गुळगुळीत फायबरच्या नावेवर उत्तम बसते. त्यात पाप काही नाही. ओलसर, खडबडीत लाकडास मात्र ते नीट धरत नाही, आणि धरलेच तर आतील ओल आतच कोंडते. वरून नाव नवी, आतून कुजत चाललेली! त्या रूपावर विश्वास ठेवून उतारूने मुलासह पाऊल टाकले, तर उत्तरदायित्व कोणाचे?

कोणी म्हणेल, मूर्तीलाही लेप देतातच की. देतात, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ साली झाले. परंतु अशा कामात आधी झीज पाहावयाची, मग लेप. नावेच्या मालकाची तेवढी तयारी असेल, तर फायबरच्या नावेस वरून तो खुशाल व्हिनाइल लावो. पाण्याखालच्या भागास व लाकडास मात्र रंगच.