६५ गुणांचा आनंद



नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही भेट द्यायला गेलो होतो. त्या घरचा मुलगा अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी विद्यापीठात शिकला. आता तो तिथेच नोकरीला आहे आणि सुट्टीवर आला होता. चहा झाला, कुस्वार झाला, आणि त्याने मोठ्या हौसेने एका जुन्या सामन्याचे चित्रण लावले. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. नाव फुटबॉल असले तरी चेंडू लांबट आणि काम पायापेक्षा हाताचेच जास्त. नियम आम्हाला निम्मेच कळले, पण धावफलक वाचायला नियम लागत नाहीत.

तारीख ९ जानेवारी २०२३. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये विद्यापीठ संघांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता जॉर्जिया. दुसऱ्या बाजूला टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ. हे तसे लहान विद्यापीठ. त्यांचा संघ आदल्या हंगामात १२ पैकी ७ सामने हरला होता आणि या हंगामात सगळ्यांना चकित करीत अंतिम फेरीत आला होता. मध्यंतराला गुण होते ३८–७. शेवटी ६५–७. अजिंक्यपदाच्या सामन्यात इतका मोठा फरक यापूर्वी कधीच पडला नव्हता.

जॉर्जियाच्या संघाचे चिन्ह बुलडॉग. म्हणून त्यांचे चाहते आनंदाच्या भरात चक्क भुंकतात. चांगली शिकलीसवरलेली, केस पिकलेली माणसे! आम्हाला हसू आवरेना. आणि खरे सांगायचे तर, ५९ वा गुण लागला तेव्हा जॉर्जिया कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या आम्हीसुद्धा टाळी वाजवली. पडद्यावर टेक्सासची पोरे मान खाली घालून उभी होती.

टीव्ही बंद झाल्यावर तो मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “फादर, एक विचारू? माझा एक मित्र टेक्सासचा. त्याच विद्यापीठाचा. त्या रात्री मध्यंतराला मी त्याला संदेश पाठवला, नुसता आकडा: ३८. सामना संपल्यावर आणखी एक: ६५. शिवी नाही, टिंगल नाही. जे खरे होते तेच लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. यात माझे काय चुकले?”

त्याच्या आईने लगेच निकाल दिला, “हरलेल्याला चिडवू नये, एवढेच.” पण मुलाचा प्रश्न इतक्यात मिटणारा नव्हता, आणि आम्हालाही तो घरी येईपर्यंत सोडीना. शिवाय ती टाळी आमचीही होतीच.

आधी त्याची बाजू घेऊ. खेळात जिंकणे हे पाप नाही. समोरचा दुबळा निघाला म्हणून मुद्दाम वाईट खेळावे, तर तोही त्याचा अपमानच. अमेरिकेत तर मोठ्या फरकाने जिंकण्याला व्यवहाराचेही कारण होते: संघांची क्रमवारी लावणाऱ्या संगणकांच्या हिशेबात २००१ पर्यंत गुणांचा फरक धरला जाई, २००२ पासून तो वगळला गेला. १९१६ साली याच राज्यातल्या जॉर्जिया टेक संघाने कंबरलँड नावाच्या छोट्या कॉलेजला २२२–० असे हरवले. कंबरलँडने आपला फुटबॉल संघ खरे तर बंदच केला होता. न खेळल्यास दंड भरावा लागेल म्हणून जमतील तशी मुले गोळा करून ते आले. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने टेकला २२–० हरवले होते, त्याचा हा वचपा, असे सांगितले जाते. इथे मात्र आमची बाजू घेण्याची शक्ती संपते.

सेमिनरीत असताना आम्हाला अॅरिस्टॉटल शिकवला गेला. बहुतेक भावनांना तो योग्य प्रमाण देतो: राग फार नको, अगदीच नाही असेही नको. पण काही भावनांना प्रमाणच नसते, असे तो म्हणतो, आणि त्यात दुसऱ्याच्या वाईटात वाटणारा आनंद धरतो. तो थोडा असला तरी वाईटच. संत थॉमस अॅक्वायनस हाच आनंद मत्सराच्या अपत्यांमध्ये गणतात. परीक्षेसाठी हे पाठ केले तेव्हा ते आम्हाला विचित्र वाटले होते. जिंकणाऱ्याला कसला मत्सर?

पण जॉर्जियाचा इतिहास ऐकल्यावर थोडा उलगडा झाला. १९८० च्या अजिंक्यपदानंतर पुढच्यासाठी त्यांना ४१ वर्षे थांबावे लागले. तेवढ्यात शेजारच्या अलाबामाने किती चषक नेले, ते त्या मुलाने बोटांवर मोजून दाखवले. इतकी वर्षे दुसऱ्याच्या अंगणातला मांडव पाहत बसलेला माणूस आपल्या दारी वरात आली तरी लगेच शांत होत नाही. त्याला जुनी थकबाकी व्याजासकट वसूल करायची असते. आणि गंमत अशी, की ती कोणाकडून? टेक्सासच्या या पोरांनी जॉर्जियाचे काय घेतले होते? दोन संघांच्या त्याआधीच्या सगळ्या लढतीही जॉर्जियानेच जिंकल्या होत्या. देणे एकाचे, जप्ती भलत्याच्याच घरावर.

मग ६५ गुणांचा सगळा आनंद वाईटच का? तसे आम्हाला वाटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच चित्रणात आहे. चौथ्या भागात ५२–७ असताना जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी मुद्दाम खेळ थांबवला आणि स्टेट्सन बेनेट या आपल्या मुख्य खेळाडूला बाहेर बोलावले. का, तर लोकांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवता याव्यात म्हणून. हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय संघात आला, जागा मिळेना म्हणून एका लहान कॉलेजात गेला, परत आला, आणि पंचविसाव्या वर्षी सलग दुसरे अजिंक्यपद जिंकून देत होता. लोक उभे राहिले. त्या क्षणी त्यांचे डोळे आपल्या मुलावर होते; समोरच्या बाकावर कोण बसले आहे याची त्यांना आठवणही नसावी. धावफलक तोच, रात्र तीच, पण त्या टाळीने कोणाचे काही हिरावले नाही.

म्हणून आम्ही मुलाला दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर विचारले, “बेनेटला टाळ्या पडल्या तेव्हा तू मित्राला काही लिहिलेस का?” तो म्हणाला, “नाही. तेव्हा फोन आठवलाच नाही.” “आणि ६५ झाल्यावर?” तो थोडा थांबला. “तेव्हा मैदानाकडे लक्ष नव्हते, फादर. त्याचा चेहरा कसा झाला असेल, तेच डोळ्यांपुढे येत होते.”

आकडा खराच होता. पण तो मैदानासाठी लिहिलेला नव्हता, त्या चेहऱ्यासाठी होता. आमच्या ५९ व्या गुणाच्या टाळीचेही तेच. आम्ही हसलो ते जॉर्जियाच्या कौशल्याला नव्हे. ते कळण्याइतका खेळ आम्हाला येतच नाही. संत ऑगस्टीन आपल्या एका मित्राची गोष्ट सांगतात: तो रोमच्या रंगमंडलात डोळे मिटून बसला होता, पण गर्दीची आरोळी ऐकून त्याने डोळे उघडले आणि मग तोही ओरडू लागला. आम्ही तर सोफ्यावर, कुस्वाराची बशी हातात घेऊन बसलो होतो.

जाता जाता त्या मुलाने उरलेली गोष्ट सांगितली. १४ जानेवारीला अथेन्समध्ये विजयाची मिरवणूक निघाली. त्याच रात्री उशिरा गावात मोटारीला अपघात झाला. संघातला एक खेळाडू आणि संघासाठी काम करणारी एक तरुणी त्यात गेली. सकाळी बातमी सगळ्या देशभर झाली. आठवडाभर गप्प असलेल्या टेक्सासच्या मित्राचा संदेश दुपारी आला: “तू ठीक आहेस ना?”

“मग तू काय उत्तर दिलेस?” आम्ही विचारले.

“दोन दिवस काहीच नाही,” तो म्हणाला. “वर माझेच ६५ दिसत होते. त्याच्या खाली काय लिहायचे, ते सुचेना.”