नकाशा आणि मनुष्यसमाज

बहुतेक देशांची ओळख आपणांस प्रवासानें होत नाहीं, नकाशानें होते. ज्यानें आफ्रिकेंत कधीं पाऊल टाकलें नाहीं त्याच्याहि मनांत आफ्रिकेची एक आकृति असते, आणि त्या आकृतीबरोबर तेथील लोकांविषयींच्या कांहीं समजुतीहि नकळत येऊन बसतात. यांपैकीं किती समजुती भूमीनें दिल्या, किती कागदानें दिल्या, आणि त्यांच्या आधारें दुसऱ्याच्या आयुष्याविषयीं निर्णय करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोंचतो, हा प्रश्न केवळ भूगोलाचा नाहीं. तो नीतीचाहि आहे.

प्रथम नकाशाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवितांना दिशा, अंतर, आकार व क्षेत्रफळ हीं चारहि एकदम शाबूत ठेवतां येत नाहींत. एक राखावें तर दुसरें सोडावें लागतें. गेरार्डस मर्केटर यानें १५६९ मध्यें सिद्ध केलेल्या नकाशांत दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठीं दिशा राखली व क्षेत्रफळ सोडलें. त्यामुळें त्यांत ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढें दिसतें. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. यांत मर्केटरचा दोष कोणता? नावाड्यास मार्ग दाखविण्याची त्याची प्रतिज्ञा होती व ती त्यानें पाळली. दोष त्यांचा, ज्यांनीं तसलाच नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगला आणि कोणता देश मोठा व कोणता लहान हें मुलांस त्यावरून ठरवूं दिलें. नकाशा विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर देतो. तो प्रश्न विसरून उत्तर तेवढें आपण लक्षांत ठेवितों, तेव्हां भ्रम उत्पन्न होतो.

दुसरा भ्रम याहून सूक्ष्म आहे. नकाशावर डोंगर, नद्या व किनारे ठळक दिसतात, माणसें दिसत नाहींत. म्हणून जें दिसतें तेंच कारण, असें मानण्याकडे बुद्धीचा कल होतो. माँतेस्क्यू यानें १७४८ त प्रसिद्ध केलेल्या कायदेविषयक ग्रंथांत उष्ण देशांतील लोक भित्रे व थंड देशांतील लोक शूर, अशी हवामानावरून उपपत्ति लाविली. आपल्याकडेहि मराठ्यांचें राज्य सह्याद्रीनें निर्माण केलें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पण सह्याद्रि देवगिरीच्या पाडावाच्या वेळींहि जागच्या जागीं होता. मग सतराव्या शतकांतच त्याला हें कर्तृत्व कां सुचलें? न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत देशाच्या रचनेचा विचार केला खरा, परंतु तेवढ्यावर न थांबतां संतांच्या चळवळीस स्वतंत्र प्रकरण दिलें. फ्रेंच इतिहासकार ल्युसियाँ फेव्र यानें १९२२ मध्यें हाच मुद्दा व्यापक रीतीनें मांडला: भूमि शक्यता पुढें ठेविते, निवड माणूस करतो.

येथवरच्या चुका समजुतीच्या झाल्या. परंतु नकाशा केवळ दाखवीत नाहीं, तो घडवितोहि; आणि तेथें चुकीची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते. सर सिरिल रॅडक्लिफ हे ८ जुलै १९४७ रोजीं हिंदुस्थानांत आले. तत्पूर्वीं त्यांनीं हा देश पाहिलेला नव्हता. सुमारें पांच आठवड्यांत त्यांनीं पंजाब व बंगालची विभागणी कागदावर पुरी केली. निर्णय १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनीं, जाहीर झाला. तोंपर्यंत मुर्शिदाबादेंत पाकिस्तानचें व खुलन्यांत हिंदुस्थानचें निशाण लागलें होतें. तीं दोन्ही उतरावीं लागलीं.

याहून बोधप्रद उदाहरण कुचबिहारकडील छिटमहालांचें आहे. एका सत्तेच्या मालकीचे जमिनीचे तुकडे दुसरीच्या पोटांत विखुरलेले, असा हा प्रकार कुचबिहारचे राजे व मोंगल यांच्या काळापासूनचा. सारा कोणास द्यावयाचा एवढाच त्या वेळीं मुख्य फरक होता. १९४९ त कुचबिहार संस्थान भारतांत विलीन झालें, आणि ज्या रेषा साऱ्याच्या होत्या त्या राष्ट्रांच्या झाल्या. आतां छिटमहालांतील माणसाला स्वतःच्या देशांत पाऊल टाकण्यासाठीं परक्या देशाची भूमि परवान्यावांचून ओलांडणें भाग पडलें, आणि परवाना देणारी कचेरी तर पलीकडे! शाळा, दवाखाना, पोलीस ठाणें, यांपैकीं कांहींच त्याच्या सरकारास त्याच्यापर्यंत पोंचवितां येईना.

अखेर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीं अदलाबदल झाली. बांगलादेशाच्या पोटांतील भारताचे १११ व भारताच्या पोटांतील बांगलादेशाचे ५१ तुकडे भोंवतालच्या देशांत मिळाले. तेथील सुमारें ५१ हजार लोकांस राष्ट्रीयत्व निवडण्याची मोकळीक होती. तिकडून भारतांत येण्याचें हजाराच्या आंत लोकांनीं पसंत केलें. इकडून तिकडे कोणीच गेलें नाहीं. नकाशानें ज्यांस इतकीं वर्षें परके ठरविलें होतें, त्यांतील बहुतेकांनीं आपलें शेत, शेजार व बाजार यांकडे पाहूनच निवड केली, असें दिसतें.

मग नकाशाच नको, असें कोणी म्हणेल. तें म्हणणें टिकणारें नाहीं. लंडनच्या सोहो भागांत १८५४ मध्यें पटकीची सांथ आली. डॉ. जॉन स्नो यांनीं त्या सांथींतील मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हां त्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं दाटलेल्या दिसल्या, आणि पटकी दूषित पाण्यानें पसरते या त्यांच्या मतास बळकटी आली. पण हें काम बसल्या जागीं झालेलें नाहीं. पंपाशेजारच्या बिअरच्या भट्टींतील कामगार कां वांचले व दूर राहणारी एक विधवा कां मेली, याची त्यांनीं कसून चौकशी केली. कामगार त्या पंपाचें पाणी पीत नव्हते. ती विधवा मात्र तेंच पाणी मुद्दाम मागवीत असे.

उंचावरून पाहणें हा दोष नव्हे; पाहून खालीं न उतरणें हा दोष होय. जो दुसऱ्याच्या वस्तीवर रेघ ओढतो त्याच्यावर ती वस्ती हिंडून पाहण्याचें व तेथल्यांस विचारण्याचें ऋण असतें. निकडीच्या वेळीं तें फेडण्यास सवड नसते, असें म्हणतां येईल, आणि तें पुष्कळदां खरेंहि असतें. परंतु मग रेघ ओढतांना जी घाई केली, तीच ती दुरुस्त करतांनाहि केली पाहिजे. छिटमहालांसंबंधींचा करार १९७४ त झाला होता. तो अंमलांत यावयास ४१ वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत तेथें एक पिढी जन्मली, वाढली आणि तिची मुलेंहि त्याच रेघांच्या आंत जन्मलीं.