सूर्याचे छिलपे

विष्णुपुराणातली सूर्याची आणि संज्ञेची कथा आपल्या लक्षात राहते ती तिच्यातल्या छायेमुळे आणि घोडीमुळे. पतीचे तेज सोसवेना म्हणून संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून अरण्यात निघून जाते, घोडीच्या रूपात तप करते, आणि कालांतराने सूर्य तिला शोधून घरी आणतो. कथेचा खरा पेच मात्र इथून पुढे सुरू होतो, कारण पत्नी परतली तरी तेज होते तेवढेच होते. तेव्हा संज्ञेचा पिता विश्वकर्मा जावयाला आपल्या भ्रमियंत्रावर चढवतो, गरगर फिरवतो आणि त्याच्या तेजाचा आठवा भाग तासून काढतो. तासताना जे खाली पडले त्यातून विष्णूचे चक्र घडले, शिवाचा त्रिशूळ, कुबेराची पालखी आणि कार्तिकेयाची शक्ती घडली. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवराला आलेल्या अवंतिनाथाची रुंद छाती आणि बारीक वाटोळी कंबर वर्णन करताना कालिदासाला हाच चक्रावर चढलेला, जपून तासलेला सूर्य आठवतो. कालिदासाने कातकाम करणारा कारागीर हाताच्या अंतरावरून पाहिला असावा, असा माझा आपला समज आहे. एरवी तासण्याच्या क्रियेत जपणूक असते हे कवीला कुठून कळणार?

उतारवयात लाकडी वाडगे कातायला शिकावे असे मला का वाटले, याचे नीटसे उत्तर माझ्यापाशी नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे पाहत मी लहानाची मोठी झाले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कातलेले ते आंबे, ती सीताफळे खरी भासावीत म्हणून रंगवलेली असतात, पण माझे मन रंगाखालच्या गोलाईपाशी थबकत असे. आजीच्या घरातली, पीठ मळून मळून मधोमध गुळगुळीत झालेली काठवटही त्याच आठवणीत कुठेतरी आहे. ज्यांच्याकडे मी शिकायला जाऊ लागले त्या मेस्त्रींच्या वडिलांचे लेथ जमिनीवर होते. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने बसून पायाच्या बोटांनी हत्यार सावरायचे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी सुमारे 300 च्या काळातले एक भित्तिशिल्प आहे, त्यातही अशीच दोन माणसे आहेत, एक ओढणारा आणि एक धरणारा. मेस्त्रींकडे आता ओढणाऱ्याच्या जागी विजेची मोटर आली आहे. धरणारा मात्र होता तिथेच आहे.

हे धरणे म्हणजे काय, ते समजायलाच नवशिक्याचे बरेच दिवस जातात. बाकीच्या बहुतेक कारागिरीत सामग्री स्थिर असते आणि हात चालतो. सुताराचा रंधा फळीवरून धावतो, पाथरवटाची छिन्नी दगडावर उतरते, चित्रकाराचा कुंचला कागदावर फिरतो, आणि त्या चालण्यातच हाताला आपल्या कर्तृत्वाचा प्रत्यय येत असतो. लेथवर हा क्रम उलटतो. लाकूड फिरते आणि माणसाने स्थिर राहायचे असते. टेकणावर विसावलेली गोल पटाशी, तिचा दांडा कमरेशी टेकवलेला, धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर अलगद ठेवलेला. मग दांडा किंचित उचलला की धार आपली आपण लाकडात शिरते. नवशिक्याचा सारा ओढा असतो दाबण्याकडे. दाबले की उतार सुटतो, टोक रुतते, आणि सगळा सांगाडा हादरतो. मेस्त्री फार बोलत नाहीत, बाजूला उभे राहून एवढेच म्हणतात, “दाबू नकात. लाकूड येतला तुमच्याकडे.”

लाकूड येते, आणि फार वेगाने येते. दहा इंच व्यासाचा ठोकळा मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे 29 किलोमीटर वेगाने हातासमोरून जात असते. आणि त्याच ठोकळ्याच्या मधोमध, अक्षावर, एक बिंदू असा असतो की ज्याला काही वेगच नाही. वाडग्याच्या आतल्या अंगाने पटाशी कडेकडून केंद्राकडे नेताना हा सगळा उतरता वेग बोटांना जाणवतो. कडेशी सळसळत निघणारा छिलपा मध्याशी येईतो मंदावतो आणि अगदी शेवटी थांबतोच, तिथे हत्याराला खायला काही उरत नाही. बाहेरच्या अंगाने हाच प्रवास उलट करायचा, बुडाकडून कडेकडे, कारण तंतूंच्या कलाने गेले तरच ते तुटत नाहीत. आडव्या धरलेल्या लाकडात प्रत्येक फेऱ्याला धार दोनदा तंतूंच्या अंगाला लागते आणि दोनदा त्यांच्या तोंडाला. म्हणजे सेकंदाला वीस वेळा लाकूड आपला नकार कळवत असते आणि वीस वेळा संमती. हाताला त्यातली एकही वेगळी ओळखता येत नाही, येते ती एक बारीक थरथर. मनुष्याच्या सहवासातही बहुधा असेच असते, क्षणाक्षणाचे होकार-नकार एकमेकांत मिसळून जातात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो केवळ त्यांचा पोत.

मला पहिल्यांदा मिळाला तो पावसात उन्मळलेल्या फणसाचा ओंडका. ओला फणस कातणे हा डोळ्यांचा सोहळा असतो. साल आणि पांढुरका बाहेरचा थर गेला की आतून हळदीहून उजळ पिवळा गाभा उघडतो, चीक बोटांना चिकटतो, आणि लांबच लांब ओलसर छिलपे खांद्यावरून मागे उडत जाऊन भिंतीला चिकटून बसतात. हा पिवळेपणा टिकत नाही. उजेड-वाऱ्यात तो हळूहळू तपकिरी होत जातो. पण तो उकळून काढता येतो. थायलंडमधले अरण्यवासी भिक्षू फणसाच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळतात आणि त्या रंगात आपली चीवरे बुडवतात. वैराग्याला रंग लागतो, आणि तो रंग झाडाच्या अंतर्भागातून, तासून बाजूला पडलेल्या भागातून येतो, हे वाचल्यापासून पायाशी साठलेल्या त्या पिवळ्या ढिगाकडे मी केराच्या नजरेने पाहू शकलेले नाही. सूर्याच्या छिलप्यांतून शस्त्रे निघाली. फणसाच्या छिलप्यांतून निःशस्त्रांची वस्त्रे.

शिवाय तो ढीग लहान नसतो. सहज एकदा कागदावर मांडून पाहिले, तर दहा इंच व्यासाच्या, चार इंच उंचीच्या ठोकळ्यातून पातळ भिंतीचा वाडगा काढला, की मूळ लाकडापैकी सहावा हिस्साच हाती राहतो. विश्वकर्म्याने सूर्याचा आठवा भाग काढला आणि बाकी सारा सूर्य ठेवला. आपण मर्त्य कारागीर जवळजवळ सगळे काढतो आणि जेमतेम काही ठेवतो. या उधळपट्टीचे शल्य जुन्या कारागिरांनाही असले पाहिजे. इंग्लंडात बर्कशर परगण्यातल्या बकलबरी गावचा जॉर्ज लेली 1958 साली वारला, पायाने चालवायच्या जुन्या खांबी लेथवर वाडगे कातून पोट भरणारा तिकडचा तो शेवटचा माणूस. तो वाकड्या हत्याराने एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत असे, मोठ्याच्या पोटातून मधला, मधल्याच्या पोटातून लहान. त्याचे लेथ आणि हत्यारे आता रेडिंगच्या संग्रहालयात आहेत.

किती काढायचे हे डोळ्यांना कळत नाही, कारण फिरणाऱ्या वाडग्याची भिंत दिसते त्याहून जाड किंवा पातळ असू शकते. कॅलिपर आहे, पण त्यासाठी थांबावे लागते. मेस्त्री ऐकतात. भिंत पातळ होत जाते तसा कातण्याचा आवाज चढत जातो. अधूनमधून लेथ बंद करून ते बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारतात, बाजारात नारळ वाजवून घ्यावा तशी, आणि मान हलवतात, कधी होकारार्थी, कधी नुसतीच. माझ्या कानाला अजून तो फरक पुरता लागत नाही. लागतो तो मोटर बंद केल्यानंतरचा काळ. कळ दाबली तरी लाकूड लगेच थांबत नाही, आधीच्या वेगाने फिरत राहते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत ज्ञान झाल्यावरही देह का टिकतो याचे उत्तर देताना असेच फिरत राहणारे चाक पुढे केले आहे. साठी उलटलेल्या माणसाला हे उत्तर तत्त्वज्ञानाचे वाटत नाही, घरगुती वाटते. बरीचशी कामे संपली आहेत आणि दिवस मात्र जुन्या गतीने येत आहेत.

ओल्या लाकडाचा वाडगा एका बैठकीत पुरा होत नाही. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड ठेवून तो उतरवायचा आणि महिनोन्महिने वाळू द्यायचा. वाळताना तडकू नये म्हणून त्याच्याच छिलप्यांत पुरून ठेवायचा, म्हणजे ओल सावकाश निघते. जे त्याच्यापासून काढले तेच आता त्याला राखते. आणि त्या अंधारात लाकूड आपले मत बदलते. वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड आक्रसते ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसते त्याच्या साधारण दुप्पट, आणि तंतूंच्या लांबीत जवळजवळ मुळीच नाही. म्हणून बाहेर काढलेला वाडगा वर्तुळ उरलेला नसतो, तो लांबट झालेला असतो. वर्तुळ माझे होते, यंत्राचे होते. झाडाने आपल्या आयुष्यात एकदाही अचूक वर्तुळ काढलेले नव्हते, मग मेल्यानंतर त्याने ते का पाळावे? पुन्हा लेथवर चढवून त्याला गोल करता येते आणि मेस्त्री तसेच करतात. मी काही वाडगे लांबटच राहू दिले आहेत. त्यांत लिंबे ठेवते, लिंबांना फरक पडत नाही.

राहता राहिले ते बूड. वाडगा लेथवर धरला जातो तो बुडाशी कोरलेल्या छोट्या खुंटाला, चकच्या चार जबड्यांत, आणि जे धरलेले असते तिथे हत्यार पोचू शकत नाही. इथे मला मत्स्यपुराण आठवते. त्यात म्हटले आहे की विश्वकर्म्याने सूर्याचे सर्व अंग तासले, पण पाय तासता आले नाहीत, त्यांच्याकडे त्याला बघवेना; म्हणून सूर्यप्रतिमेचे पाय कोणी घडवू नयेत. कोणार्कच्या सूर्याच्या पायांत बूट आहेत. इतिहासकार त्या बुटांचा माग मध्य आशियापर्यंत नेतात आणि ते बरोबरही असेल, पण पुराणकाराने दिलेले कारण कातणाऱ्याच्या कारखान्यातले आहे: घडवण्यासाठी जिथे धरावे लागते, ती जागा घडणीतून सुटते. लेलीच्या वाडग्यात ही जागा बुडाच्या आतल्या बाजूला असे, दोन टोकांमध्ये ठोकळा पेलणारा एक दांडा शेवटपर्यंत मधोमध उभा राही, तो मग मोडून सुरीने सारखा करायचा.

बुडाचीच आणखी एक गोष्ट. जपानात 764 सालच्या बंडाळीनंतर सम्राज्ञी शोतोकूने दहा लक्ष लाकडी स्तूप करवून घेतले, वीतभर उंचीचे, प्रत्येकाच्या पोटात छापलेल्या धारणीची, म्हणजे बौद्ध मंत्राची, एक गुंडाळी. 770 पर्यंत काम पुरे झाले. ते सगळे लेथवर कातलेले होते. होर्यूजीच्या मंदिरात त्यांतले 40,000 हून अधिक अजून आहेत, आणि पालथे करून पाहिले तर काहींच्या बुडाशी शाईने लिहिलेली कारागिरांची नावे आणि तारखा सापडतात. सम्राज्ञीचे पुण्य वरच्या बाजूला, कातणाऱ्याचा दिवस खालच्या बाजूला.

बुडाचा तो खुंट शेवटी वाडगा पालथा धरून काढून टाकता येतो, जबड्यांच्या खुणांसकट. मी अलीकडे तो काढत नाही. मेस्त्रींना हे पसंत नाही. गिऱ्हाइकाने वाडगा हातात घेतला की ते आधी तो पालथा करते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेच आहे. घरी येणारी माणसे तेच करतात. आतली गोलाई, फणसाचा उतरत चाललेला पिवळा, कडेची बारीक धार, हे सगळे सोडून त्यांचे बोट नेमके त्या चार खुणांवर फिरते, आणि ती विचारतात, इथे हे काय राहून गेले? मग मला मत्स्यपुराणापासून सुरुवात करावी लागते.